गोधडीचे चौदा हजार टाके



'गुदडी' हा शब्द तुम्ही घरी अनेकदा ऐकला असेल. त्याच वस्तूला मराठीत गोधडी म्हणतात. दोन्ही शब्द एकापाठोपाठ मोठ्याने म्हणून पाहा. सख्ख्या बहिणी वाटतात की नाही? खेड्यापाड्यांत गोधडीला वाकळ असेही म्हणतात. तान्ह्या बाळाला गुंडाळण्यासाठी जी लहान आणि मऊ गोधडी करतात, तिला दुपटे म्हणतात.

गरीब घरात जन्मलेल्या गुणी माणसाला उर्दूत आपण 'गुदडी का लाल' म्हणतो. जुन्यापुराण्या वस्तूंच्या बाजाराला गुदडी बाजार म्हणतो. म्हणजे गुदडी म्हटले की फाटके, जुने, गरिबाघरचे असे काहीतरी आपल्या मनात येते. ते पूर्ण खोटे नाही. पण ते पूर्ण खरेही नाही. या पाठात आपण गोधडीचे थर उलगडून पाहणार आहोत आणि एक लहान गोधडी शिवायलाही शिकणार आहोत. म्हणून हा पाठ वाचताना पुस्तकाशेजारी सुई-दोरा असला तरी चालेल.

गोधडीत असते तरी काय? वर एक कापड, खाली एक कापड आणि मध्ये जुन्या कापडांचे चार-पाच थर. हे सर्व थर हाताने घातलेल्या टाक्यांनी एकमेकांना जखडलेले असतात. रजईत कापूस भरतात. गोधडीत कापूस भरत नाहीत. मग तिला ऊब कोठून येते?

ऊब येते ती हवेमुळे. स्थिर हवेतून उष्णता सहज बाहेर जात नाही, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. कापडाच्या दोन थरांमध्ये हवा अडकून राहते. सहा थर असले तर हवेचे पाच पडदे तयार होतात. आपल्या शरीराची उष्णता या पडद्यांतून हळूहळू बाहेर जाते आणि बाहेरची थंडी आत शिरत नाही. खरे म्हणजे गोधडी आपल्याला ऊब देत नाही. आपलीच ऊब ती आपल्यापाशी राखून ठेवते. गोधडी भिजली की या हवेची जागा पाणी घेते. म्हणूनच ओलसर गोधडी पांघरली तर थंडी कमी होण्याऐवजी वाढते.

आता कापडाकडे वळू. गोधडीसाठी सर्वांत चांगले कापड म्हणजे पुष्कळ वेळा धुतलेले जुने सुती कापड. महाराष्ट्रातील बायका पूर्वी नऊवारी लुगडी नेसत. लुगडे विरले की ते टाकून देत नसत. त्याची गोधडी होई. ही लुगडी कोण विणत होते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? १८५७ नंतरच्या काळात उत्तर भारतातील अनेक मोमीन विणकर कुटुंबे मालेगाव, भिवंडी अशा गावांत येऊन राहिली. मालेगावात ती हातमागावर रंगीत सुती लुगडी विणत. पुढे विसाव्या शतकात तेथे यंत्रमाग आले आणि हातमागांचा आवाज थांबला. तुमच्यापैकी काहींचे पणजोबा त्या हातमागावर बसले असतील. त्यांनी विणलेले लुगडे कोणा शेतकरी बाईने वर्षानुवर्षे नेसले असेल आणि मग त्याची गोधडी करून आपल्या लेकरांना पांघरली असेल. विणणाऱ्याला ती बाई माहीत नव्हती. त्या बाईला विणणारा माहीत नव्हता. कापड मात्र दोन्ही घरांत राहून आले.

आज घरात सुती कापड कमी दिसते. साड्या, ओढण्या, सदऱ्यांची कापडे बरीचशी कृत्रिम धाग्यांची असतात. ती लवकर वाळतात आणि लवकर फाटत नाहीत, हे खरे. पण ती घाम शोषत नाहीत. त्यांचे थर एकमेकांवरून घसरतात, त्यामुळे गोधडीच्या आत गोळे होतात. आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कृत्रिम धाग्याचे कापड विस्तवाजवळ गेले तर वितळते आणि अंगाला चिकटते. म्हणून अशा कापडाची गोधडी चूल किंवा शेगडीजवळ कधीही अंथरू नये. गोधडी कोणतीही असो, विस्तवापासून ती दूरच बरी.

तर मग गोधडीसाठी काय गोळा करावे? जुनी सुती साडी, धोतर, लुंगी, मलमलची ओढणी, अब्बांचा विरलेला कुर्ता, चादरीचा चांगला राहिलेला भाग. प्रत्येक कापड उजेडात धरून पाहा. जे नुसते विरलेले आहे ते मधल्या थरात चालते. जे ओढताच टरकन फाटते ते कोठेच चालत नाही. ते घर पुसायला ठेवा. बटणे, हूक आणि जाड शिवणी कापून काढा. सर्व कापडे धुऊन उन्हात वाळवा. एखाद्या कापडाचा रंग जातो असा संशय असेल तर ओल्या पांढऱ्या चिंधीने ते घासून पाहा. चिंधीला रंग लागला तर ते कापड वेगळे ठेवा. नवे कापड वापरायचे असेल तर ते आधी धुतलेच पाहिजे. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. न धुता ते गोधडीत घातले, तर पुढे गोधडी धुतल्यावर ते आटेल, जुने कापड आटणार नाही आणि सगळीकडे सुरकुत्या पडतील.

एका नऊवारी लुगड्यातून किती गोधडी होते, याचा हिशेब करू. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. त्याचे एक मीटर वीस सेंटिमीटर लांबीचे तुकडे केले तर सहा तुकडे निघतात आणि सुमारे एक मीटर कापड उरते. सहा तुकडे म्हणजे सहा थर. लहान भावंडाला पुरेल एवढी गोधडी एकाच लुगड्यात झाली! उरलेल्या मीटरभर कापडातून ठिगळे निघतील. उर्दूत ज्याला पैवंद म्हणतात, तेच हे ठिगळ. काठाची पट्टी मात्र कापून टाकू नका. काठ मजबूत असतो. गोधडीच्या कडेला तो फार शोभून दिसतो.

शिवण्यासाठी जाडसर, लांब सुई घ्या. पोती शिवायचा दाभण घेऊ नका. त्याने कापडाला भोके पडतात. दोरा सुती आणि मजबूत असावा. तो हातभर लांबच घ्या. दोरा लांब घेतला म्हणजे काम लवकर होते, असे नव्या शिकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात लांब दोऱ्याचा गुंता होतो आणि निम्मा वेळ तो सोडवण्यात जातो. बोटात अंगुस्तान घाला. हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटला ना? फारसीत 'अंगुश्त' म्हणजे बोट. बोटाला सुई टोचू नये म्हणून शिंपी जी टोपी घालतात ती अंगुस्तान. शिवणकामात असे अनेक शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ सारखे आहेत. सुई ती सुईच. अस्तर ते अस्तरच. मराठीत टाका, उर्दूत टांका. विणकराचा ताणाबाणा तर दोन्हीकडे आहेच.

आता जमीन झाडून स्वच्छ करा. गोधडी मांडीवर घेऊन सुरू करता येत नाही. ती आधी जमिनीवर नीट पसरावी लागते. सर्वांत मजबूत तुकडा खाली अंथरा. त्याच्या चार कोपऱ्यांवर गुळगुळीत दगड किंवा जड पुस्तके ठेवा. (हे पुस्तक नको. ते पुरेसे जड नाही.) बाकीचे तुकडे चारी बाजूंनी तीन-तीन बोटे कमी करून एकावर एक पसरा. प्रत्येक थर हाताने मधून कडांकडे सारखा करत जा. सुरकुती राहिली की ती कायमची राहते. विरलेला भाग एकाच जागी येऊ देऊ नका. एका थरातील विरलेला भाग उजवीकडे आला तर दुसऱ्या थरातील डावीकडे येऊ द्या. मग सर्वांत खालच्या कापडाच्या कडा आत दुमडून वरच्या थरावर आणा. अशी दुहेरी कड लवकर झिजत नाही.

एवढे झाले की लगेच बारीक शिवायला बसू नका. आधी मध्यापासून कडेपर्यंत मोठेमोठे कच्चे टाके घाला. पुढे गोधडी मांडीवर घेतली, फिरवली, उचलली तरी थर सरकू नयेत, यासाठी हे टाके असतात. काम संपले की ते उसवून टाकतात. हा टप्पा कंटाळवाणा आहे हे मान्य. पण ज्या गोधडीत गोळे झालेले दिसतात तिच्यात बहुधा याच टप्प्याची टाळाटाळ झालेली असते.

मग खरा टाका सुरू होतो. त्याला धावदोरा म्हणतात. सुई वरून खाली, खालून वर, पुन्हा वरून खाली. टाका अर्धा सेंटिमीटर दिसावा आणि अर्धा सेंटिमीटर खाली दडावा. कापडाचे सहा थर असल्याने सुई तिरपी गेली तर खालचे कापड सुटते. म्हणून सुई शक्य तितकी सरळ खाली घाला आणि तळहाताने खालून चाचपून पाहा. एका वेळी सुईवर दोन किंवा तीनच टाके घ्या. दोऱ्याची गाठ दोन थरांच्या मध्ये लपवा. एका कोपऱ्यापासून सुरुवात करा, चारी कडा शिवत या, मग दोन सेंटिमीटर आत सरकून पुन्हा चारी बाजू. असे चौकोनात चौकोन करत मध्यावर पोचायचे. काही घरी कडेपासून कडेपर्यंत सरळ ओळी घालतात. तीही पद्धत चांगलीच आहे. वरच्या थरावर ठिगळे लावायची असतील तर ती आधी कच्च्या टाक्याने बसवून घ्या. धावदोरा त्यांच्यावरून गेला की ती आपोआप पक्की होतात.

येथे थोडे गणित करू. मोठ्या माणसाची गोधडी सुमारे दोन मीटर लांब आणि एक मीटर चाळीस सेंटिमीटर रुंद असते असे समजा. दर दोन सेंटिमीटरला एक ओळ धरली तर रुंदीत सत्तर ओळी बसतात. प्रत्येक ओळ दोन मीटरची. म्हणजे टाक्यांची एकूण वाट झाली १४० मीटर. एका सेंटिमीटरला एक टाका धरला तर १४,००० टाके! सहा थरांतून मिनिटाला दहा टाके घातले तर १,४०० मिनिटे लागतात. म्हणजे तेवीस तास वीस मिनिटे. घरचे काम उरकून रोज दोन तास शिवणाऱ्या बाईला बारा दिवस लागतील. यात कापडे धुण्याचा, कापण्याचा आणि मांडण्याचा वेळ धरलेला नाही.

'जुन्या कपड्यांची तर आहे, फुकटच झाली,' असे गोधडीविषयी म्हणणारी माणसे मला भेटली आहेत. त्यांना मी हाच हिशेब मांडून दाखवतो. कापड फुकट असेल. तेवीस तास फुकट कसे?

माझी नानी गोधड्या शिवत असे. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, पण गोधडीवरील प्रत्येक तुकडा ती वाचून दाखवी. हा निळा तुकडा मामूंच्या शाळेच्या सदऱ्याचा. ही बुट्ट्यांची ओढणी खालाची, ईदच्या दिवशी हिच्यावर शीरखुर्मा सांडला होता. हा पांढरा नानांच्या कुर्त्याचा. नाना मी जन्मण्याआधीच वारले होते. मी त्यांना पाहिले नाही. त्यांचा कुर्ता मात्र मी बरीच वर्षे पांघरला.

पुढे घरात नवी मखमली ब्लँकेटे आली. दिसायला सुंदर, वजनाला हलकी. नानीची एक मोठी गोधडी मामींनी दाराशी पाय पुसायला टाकली. नानी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने ती गोधडी उचलली, हौदावर नेऊन धुतली आणि दोन दिवस उन्हात वाळवली. मग कात्री घेऊन झिजलेला भाग कापून टाकला. चांगल्या राहिलेल्या भागाला नवी कड लावली. महिनाभराने मामींना मुलगी झाली, तेव्हा तिला गुंडाळायला दुपटे तयार होते. पुष्कळ धुतलेले कापड नव्या कापडापेक्षा मऊ असते आणि बाळाच्या कातडीला ते टोचत नाही. मामींनी ते दुपटे अजून जपून ठेवले आहे. त्या मुलीला आता स्वतःची मुले आहेत.

जुन्या कापडाचे थर शिवून पांघरूण करण्याची रीत फक्त महाराष्ट्रात नाही. बंगालमध्ये त्याला कांथा म्हणतात. तेथे जुन्या साडीच्या काठातील रंगीत धागे काढून त्यांनीच फुले, मासे, पाने भरतात. बंगाली कवी जसीमुद्दीन यांचे १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेले 'नक्षी कांथार माठ' हे दीर्घकाव्य अशाच एका कांथ्याविषयी आहे. त्यातील साजू ही तरुणी दूर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहत आपली सारी कहाणी कांथ्यावर शिवते. आपल्या मृत्यूनंतर तो कांथा आपल्या कबरीवर पसरावा, अशी तिची इच्छा असते. सिंध आणि राजस्थानात रल्ली करतात. कर्नाटकात कौदी.

कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले होते. त्यांच्यात मुसलमान, ख्रिस्ती आणि हिंदू असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. त्यांच्या बायका ज्या गोधड्या शिवतात त्यांना कवंदी म्हणतात. त्याही कोपऱ्यापासून सुरुवात करून आत आत शिवत मध्यावर येतात. काम संपताना चार कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या करून त्रिकोणी फुले लावतात. फुले लावली नाहीत तर कवंदी उघडीनागडी राहिली, असे त्या मानतात. मला ही कल्पना फार आवडते. अंग झाकणाऱ्या वस्तूलाही अंग असते आणि त्यालाही काही नेसवावे लागते!

अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे एक लहान गाव आहे. तेथील काळ्या लोकांचे पूर्वज कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. त्या गावच्या बायका शेतात वापरून झिजलेल्या विजारी, सदरे आणि पोत्यांच्या कापडाची पांघरुणे शिवत. घराच्या फटींतून वारा येई, म्हणून शिवत. कोणाला दाखवायला नव्हे. २००२ मध्ये ह्यूस्टन शहरातील कलासंग्रहालयाने त्या पांघरुणांचे प्रदर्शन भरवले. पुढे ते न्यूयॉर्कलाही गेले. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्या पांघरुणांची चित्रे असलेली तिकिटे काढली. पांघरुणे तीच होती, बायकाही त्याच होत्या. पाहणाऱ्यांचे डोळे तेवढे बदलले.

अमेरिकेतील गोधडीचा आणखी एक प्रकार तुम्हांला सांगतो, कारण तो करायला सोपा आहे आणि तुमच्या वर्गात सर्वांनी मिळून करता येईल. त्याला मी झालरीची गोधडी म्हणेन. तेथे तिच्यासाठी घरी कातलेल्या सुताच्या कापडासारखे जाडेभरडे, चौकड्यांचे सुती कापड वापरतात. आपल्याकडे हाताने कातलेल्या सुताचे, हातमागावर विणलेले कापड म्हणजे खादी. खादीसाठी १९२५ मध्ये अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. वर्ध्याला मगन संग्रहालय आहे. ते १९३८ मध्ये सुरू झाले. तेथे गेलात तर चरख्यांचे नाना प्रकार पाहायला मिळतील. झालरीच्या गोधडीला जाड आणि जरा सैल विणीची खादी घ्यावी. तिचे कारण पुढे येईलच.

नव्वद सेंटिमीटर पन्ह्याची, धुऊन-वाळवूनही तीन मीटर भरेल एवढी खादी इस्त्री करून घ्या. तिचे वीस-वीस सेंटिमीटरचे साठ चौकोन कापा. जुन्या मऊ सुती कापडाचे पंधरा-पंधरा सेंटिमीटरचे तीस चौकोन कापा. खादीचे दोन चौकोन घ्या, त्यांच्या मध्ये जुन्या कापडाचा लहान चौकोन ठेवा. मग एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत शिवा आणि दुसऱ्या दोन कोपऱ्यांतही तसेच करा. फुली तयार होईल. असे तीस जाड चौकोन झाले. वर्गात तीस मुले असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला एकच येतो. मुलांनो, हे मुलींचे काम म्हणून हात मागे घेऊ नका. बाजारातील शिंपी बहुतेक पुरुषच असतात, हे विसरलात का?

आता दोन चौकोन पाठीला पाठ लावून धरा आणि कडेपासून दोन सेंटिमीटर आत टीप मारा. एरवी कपडे शिवताना आपण शिवण आत लपवतो. येथे ती मुद्दाम वर ठेवायची आहे. अशा पाच चौकोनांची एक ओळ करा. सहा ओळी झाल्या की त्या एकमेकींना जोडा. जोडताना उभ्या शिवणी दोन्हीकडे पसरून घ्या, म्हणजे सांध्यावर जाडी येणार नाही. सगळ्या बाहेरच्या कडेनेही दोन सेंटिमीटर आत टीप मारा. यंत्र असेल तर हे काम लवकर होते. नसेल तर हाताने उलटी टीप घाला. नुसता धावदोरा येथे टिकणार नाही.

मग कात्री घ्या. वर उभ्या राहिलेल्या प्रत्येक शिवणीला दर सेंटिमीटरला एक छेद द्या. छेद टिपेच्या अगदी जवळ न्या, पण टीप तोडू नका. टीप तुटली तर तेथे भोक पडेल. हजाराहून अधिक छेद द्यावे लागतात, तेव्हा कात्री आळीपाळीने घ्या. हात दुखू लागला की दुसऱ्याला द्या. नंतर गोधडी पाण्यात बुडवून हाताने चांगली चोळा, पिळा, झटका आणि वाळवा. कापलेल्या कडांमधील आडवे-उभे धागे सुटतात आणि फुलतात. घट्ट विणीच्या कापडाचे धागे सहज सुटत नाहीत. सैल विणीचे सुटतात. विणकराच्या घरातील मुलांना हे सांगायलाच नको. दोन-तीन वेळा धुतल्यावर प्रत्येक चौकोनाभोवती मऊ झालर तयार होते. पहिल्या धुण्यात पुष्कळ धागे निघतात, म्हणून ती बादलीत धुवा आणि पाणी गाळून ओता, नाहीतर मोरी तुंबेल. ही गोधडी सुमारे ८० सेंटिमीटर रुंद आणि ९६ सेंटिमीटर लांब होते. बाहेरची झालर वेगळी. एका बाळाला पुरते. मात्र बाळ अगदी तान्हे असेल तर त्याच्या तोंडावर कोणतेही पांघरूण येऊ देऊ नये. सुटे धागे त्याच्या बोटांत अडकू नयेत म्हणून ते आधी झटकून काढावेत.

काम संपले की सुया मोजा. सुरू करताना जितक्या होत्या तितक्याच परत मिळाल्या पाहिजेत. एक जरी कमी भरली तरी गोधडी हाताने चाचपून, थर दाबून ती सापडेपर्यंत कोणीही तिच्यावर बसू नये.

मोठी गोधडी रोज धुण्याची वस्तू नाही. भिजली की ती एका माणसाला उचलत नाही. म्हणून बायका ती दगडावर ठेवून पायांनी तुडवतात आणि दोघी दोन टोके धरून पिळतात. आठवड्यातून एकदा कडक उन्हात उलटून-पालटून टाकली तरी तिचा कुबट वास जातो आणि थरांत पुन्हा हवा भरते. पावसाळ्यापूर्वी ती पूर्ण वाळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून घडी करून ठेवतात. कोठे टाका उसवला असेल तर त्याच दिवशी घाला. कोठे वरचे कापड फाटले असेल तर त्यावर नवे ठिगळ लावा. गोधडीवर गोधडी शिवतात, तीही याच रीतीने: जुनी गोधडी मधला थर होते आणि तिच्यावर-खाली नवी कापडे येतात. अशी गोधडी उसवून पाहिली तर आत दुसरी गोधडी सापडते. तिच्या आत कधी कधी तिसरी.

स्वाध्याय

१. गोधडी भिजल्यावर उबदार का राहत नाही?

२. गोधडीच्या मधल्या थरात आणि खालच्या थरात कोणते कापड घालावे? का?

३. तुमच्या घरातील एका गोधडीची किंवा चादरीची लांबी-रुंदी मोजा. दर दोन सेंटिमीटरला एक ओळ आणि दर सेंटिमीटरला एक टाका धरून तिच्यासाठी किती टाके लागतील ते काढा. मिनिटाला दहा टाके घातले तर किती तास लागतील?

४. पुढील मराठी शब्दांसाठी तुमच्या घरी कोणते शब्द वापरतात ते उर्दूत लिहा : दोरा, ठिगळ, चिंधी, कात्री, घडी, पांघरूण.

५. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' या मराठी म्हणीच्या अर्थाची उर्दू म्हण सांगा. दोन्ही म्हणींत कोणत्या वस्तूंची नावे आली आहेत?

६. घरातील दादी, नानी किंवा शेजारच्या एखाद्या आजींजवळ बसून त्यांच्या गोधडीतील पाच तुकडे कोणाच्या कपड्यांचे आहेत ते विचारा. त्या जे सांगतील ते मराठीत दहा ओळींत लिहून आणा.